गाठोड्याची बटणं

त्या दिवशी उकाडा असा होता की वारा नावाची गोष्ट जगातून रजेवर गेली होती म्हणा ना... आभाळ पांढरंफटक, झाडाचं पान हलायला तयार नाही, अंगाला सदरा चिकटलेला, त्यात समोर तापलेली इस्त्री, त्यात घरात ते दुखणं, आणि वर येणारा-जाणारा दारात थांबून विचारतो, “काय आजोबा, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?” आता का म्हणजे काय? तुम्हीच सांगा, किळस येते त्याला मी काय करू?

हसू नका. आधी ऐकून घ्या, मग हसा, मी काही कुठे जात नाही.

तुम्हाला सांगतो, मी इस्त्रीवाला माणूस. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही करा म्हटलं की अंगठा पुढे करतो. पण जन्मभर लोकांच्या कपड्यांत हात घातलाय. तुम्ही म्हणाल, इस्त्रीला कपडे धुतलेलेच येतात. हो का? एकदा पाण्याला दाखवून आणले की लोक त्याला धुतलेले म्हणतात. काखेत पिवळे नकाशे, कॉलरीवर मळाची रेघ, आणि रुमाल... रुमालाचं तर बोलूच नका, घडी उलगडताना चरचर आवाज येतो. एकाच्या पँटच्या खिशात चघळलेलं च्युइंगम होतं, ते इस्त्रीखाली वितळलं, त्याची तार निघाली इथून तिथपर्यंत. मी काय केलं? सुरीने खरवडलं आणि पुढचा कपडा ओढला. नाक मुरडलं नाही. परक्याची घाण ती धंद्याची घाण, तिला नाक मुरडून भागत नाही.

आणि तोच मी, स्वतःच्या नातीचा दंड दिसला की दोन पावलं मागे सरतो. आहे की नाही गंमत?

नात अडीच वर्षांची. नाव चांगलं आहे तिचं, बारशातलं, पण घरात तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. आम्ही म्हणतो गाठोडं. कारण काय, तर चालायला लागल्यापासून तिची जागा एकच. माझ्या टेबलाशेजारी इस्त्री झालेल्या कपड्यांचा ढीग असतो ना, गरम-गरम, त्यात जाऊन बसायचं. बसता बसता कलंडायचं. कलंडलं की झोपायचं. मग मी कपडे बांधायला घ्यायचो तर चादरीत सदरे, सदऱ्यांत पाय, पायाला लागून गाठोडं. एकदा तर गाठ मारेपर्यंत आलो होतो. गिऱ्हाइकाच्या घरी गेली असती पोर, घडी घालून.

मुलगी आणि नात माझ्याजवळच राहतात. मुलगी बेकरीत कामाला, पहाटेच बाहेर पडते. जावई दूर गावी कामाला, सुट्टी मिळाली की येतो, आला की झोपतो. सकाळी नातीला पाळणाघरात सोडायचं, दुपारी आणायचं, की ती ढिगात. असं सगळं छान चाललेलं. आणि मग काखेत एक पुळी आली.

एकच हो. मुलगी म्हणाली, “डास चावला असेल बाबा.” बरं, डास. मग दंडावर दोन. मोठा डास. मग पोटावर, मानेवर, गुडघ्याच्या मागे... म्हण काय आहे, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. हे उलटं. हे मुंगीच्या पावलांनी आलं आणि जायचं नावच काढत नाही.

आणि दिसायला कसं, सांगू? नको, जेवून आला असाल. बरं, सांगतोच. शर्टाचं बटण असतं ना, कॉलरीच्या टोकाचं, अगदी बारीक, चकचकीत, मोत्यासारखं? तसं. आणि मधोमध खळगा. बटणाला भोक असतं ना, तसा. आता बटण कापडावर बसलं की शोभा, कातडीवर बसलं की पोटात ढवळतं. आणि एखादं खाजवून फुटलं की आतून पांढरं काहीतरी निघतं, विरजलेल्या... जाऊ दे. मी त्या दिवशी दही बाजूला सारलं, तेव्हापासून दह्याकडे बघवत नाही.

किळस येते त्याला मी काय करू?

पाळणाघराच्या बाई भल्या, रोज दारात येऊन पापा घेणाऱ्या. त्यांनी एके दिवशी नातीला हाताला धरून बाहेर आणलं. हाताला म्हणजे काय, बाहीच्या टोकाला. “आजोबा, हे जाईपर्यंत घरीच ठेवा हं हिला.” म्हटलं, कधी जाईल? “ते आम्ही कसं सांगणार? पण गेलं की लग्गेच आणा हं.” आणि दार बंद. दाराला आतून कडी लागल्याचा आवाजही आला.

मग गेलो आम्ही कातडीच्या डॉक्टरणीकडे. तरुण पोरगी, शांत, आवाज असा की ऐकताना माणसाला डुलकी यावी. भिंगातून बघितलं, म्हणाली, “काही नाही, विषाणू आहे.” आणि एक नाव सांगितलं, मोलस्कम का काय, ऐकून वाटावं एखादा मोठा साहेब बदलून आलाय. म्हटलं, औषध? “औषध नको, आपोआप जातं.” म्हटलं, कधी? “सहा महिने. कधी वर्ष. कधी थोडं जास्त.” म्हटलं, तोवर काय करायचं? “काही नाही. खाजवू देऊ नका, फोडू नका, टॉवेल वेगळा ठेवा, स्पर्शाने पसरतं. बाकी तिला खेळू द्या, जवळ घ्या, काही घाबरायचं कारण नाही.”

तुम्हीच बघा आता. स्पर्शाने पसरतं आणि जवळ घ्या. एका दमात. विस्तव आहे पण हात शेकून घ्या.

मी घरी आलो आणि कामाला लागलो. मला एकच हत्यार माहीत, तेच घेतलं. इस्त्री. म्हटलं, बघतोच कसा जगतो तो विषाणू. नातीचे झगे सगळ्यात गरम खुणेवर फिरवले, एका झग्यावरचा ससा करपला, आता त्याला कान नाहीत. उशीची खोळ, पायमोजे, खिडकीचा पडदा, सगळं फिरवलं. तिची कापडाची बाहुली होती, तीही फिरवली, तर तिचे केस कसल्या धाग्याचे कोण जाणे, वितळून इस्त्रीलाच चिकटले. बाहुलीला टक्कल पडलं आणि घराला जळका वास. नात ओठ काढून बघत राहिली. मुलगी संध्याकाळी आली, वास घेतला, बाहुली बघितली, माझ्याकडे बघितलं. “बाबा, आता मला पण फिरवणार का?”

आणि मुख्य म्हणजे ढीग बंद. बंदच. लोकांचे कपडे आहेत हो, उद्या कुणाच्या पोराला पुळी उठली तर बोट कुणाकडे? पुढची खोली दुकान, मागची घर, मधल्या दाराला एक जुनी फळी आडवी ठोकली, नातीच्या हनुवटीइतकी. ती पलीकडे, मी अलीकडे. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी फळीवर हनुवटी ठेवून बघत उभी राहिली, नुसती बघत, मी घडी घालतोय, ती बघतेय. “आजो, गलम?” म्हणजे गरम. म्हणजे मला त्या गरम ढिगात घ्या. मी म्हणायचो, “आज गार आहे बाळा.” तापलेल्या इस्त्रीच्या मागे उभा राहून.

आता खरं सांगतो, गिऱ्हाइकं हे तोंडदेखलं कारण. तिला मांडीवर घेणंही मी सोडलं होतं, आणि मांडीला कुठे गिऱ्हाइकं असतात? ढीग बंद केला तो लोकांसाठी, पण मांडी? ती कुणासाठी बंद केली? ती हात पसरून यायची आणि माझे हात आपोआप मागे. मनात म्हणायचो, घे, घे रे, तुझीच आहे. पण हात ऐकायचे नाहीत. बिस्कीट द्यायचं तर मी काय करायचो, तर कपड्याचा हँगर घ्यायचो, लाकडी, त्याच्या टोकावर बिस्कीट ठेवायचं, हात लांब करायचा, तोंड जरा बाजूला, आणि फळीवरून पलीकडे. तिला आधी मजा वाटली. मग सवय झाली. मग ती “आजो, गलम” म्हणायची बंद झाली.

ते बंद झालं ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं. बघा माणूस कसा असतो.

किळस येते त्याला मी काय करू?

आता टॉवेलाचं ऐका. डॉक्टरीण म्हणाली ना, टॉवेल वेगळा ठेवा. नातीचा टॉवेल पिवळा, त्यावर बदक, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो वेगळा कसा ठेवायचा? मला माहीत असलेली रीत एकच. इस्त्रीच्या धंद्यात प्रत्येक घराचा एक रंग असतो, त्या रंगाच्या दोऱ्याची गाठ कपड्याच्या कोपऱ्यात मारायची, म्हणजे याचं त्याच्यात जात नाही. लाल दोरा वकिलांचा, निळा दाताच्या डॉक्टरांचा, असं. घरच्या कपड्याला मात्र कधी दोरा लागला नव्हता. बिनदोऱ्याचं ते घरचं, इतकं सोपं. आणि मी काय केलं? नातीच्या टॉवेलाला दोरा बांधला. हाताला आला तो, हिरवा.

आता हिरवा कुणाचा? शेजारच्या कंडक्टरीणबाईंचा.

या बाई म्हणजे काय प्रकरण आहे, ते तुम्हाला कळलं पाहिजे. बसमध्ये कंडक्टर होत्या, निवृत्त होऊन वर्षं झाली, पण गाडी काही डोक्यातून उतरली नाही. एकट्याच राहतात. घर असं लख्ख की पाय ठेवताना आपल्याच पायाची लाज वाटावी. आवाज पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा. दुकानात दोन माणसं उभी असली की मागून, “चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका.” आणि माझी बारीक चौकशी. “इस्त्रीदादा, गाठोडं दिसत नाही ते?” म्हटलं, झोपलंय. “कालही झोपलं होतं.” म्हटलं, वाढत्या वयाची झोप. “केव्हाही बघावं तर झोपलेलंच. शेवटच्या थांब्याचा प्रवासी दिसतोय.” आणि मानेने आत डोकावून बघायच्या. मी टेबल जरा इकडे सरकवायचो. कारण या बाईंना कळलं की सगळ्या गल्लीला कळलं, आणि सगळ्या गल्लीला कळलं की माझी इस्त्री गार.

मध्यंतरी एकदा मुलगी म्हणाली, “बाबा, बदकाचा टॉवेल कुठाय?” म्हटलं, असेल इथेच. दोघांनी शोधला, नाही सापडला. मनात म्हटलं, गेला तर गेला, बरंच झालं. माझं काय चुकलंय ते मला तेव्हाही कळलं नाही. बांधला दोरा, की गेलं घराबाहेर... हे साधं मला कळायला नको? जन्म गेला त्यात.

तर तो उकाड्याचा दिवस. घाम डोळ्यांत जातोय. कंडक्टरीणबाईंचं गाठोडं सोडलं. वरती दोन साड्या, खाली उशीच्या खोळी, त्याखाली पिवळं काहीतरी. ओढलं. बदक.

म्हणजे माझ्याच हाताने तो यांच्या कपड्यांत गेला, यांनी तो वापरला, धुतला, आणि आता पुन्हा इस्त्रीला पाठवला. कशाला वापरला असेल? टॉवेल माणूस कशाला वापरतो? तोंडाला. त्या लख्ख घरातल्या लख्ख बाईने रोज सकाळी आमच्या बटणांनी तोंड पुसलं.

पहिला विचार काय आला, सांगू? कात्री घ्यावी, हिरवा दोरा कापावा, टॉवेल चुलीत घालावा, झाकली मूठ. कात्री हातात घेतलीही. आणि आत नातीचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती. म्हटलं बघावं, फळीवरून आत वाकलो.

कोपऱ्यात बाहुली बसवलेली. तीच, टकली. तिच्यापुढे फरशीवर एक पाट आडवा उभा केलेला, फळीसारखा. आणि पाटाच्या अलीकडे आमचं गाठोडं, हातात हँगर, कुठून पैदा केला देव जाणे, हँगरच्या टोकावर बिस्कीट, हात लांब केलेला, आणि... आणि तोंड बाजूला वळवलेलं. नाक आक्रसलेलं. माझं नाक हो. माझीच मान, माझंच तोंड, अडीच वर्षांच्या पोरीच्या अंगावर. बाहुलीला म्हणत होती, “घे. लांब बस. शी.” बिस्कीट खाली पडलं. तिने दुसरं ठेवलं. “आज गाल आहे.”

गार आहे.

कात्री खाली ठेवली. तुम्हाला सांगतो, मुलीने बोल लावले असते तर सोसले असते, जावयाने लावले असते तर उलट चार सुनावले असते. पण या पोरीने मला काही म्हटलंच नव्हतं. ती फक्त शिकली होती. बघून बघून. जवळच्या माणसाला खायला द्यायचं ते असं द्यायचं.

फळी ठोकलेली होती, ती काढली. सावकाश काढली, माझं काहीही सावकाशच. खिळे वाकडे झाले. नात बघत होती. आत गेलो, खाली बसलो, गुडघे कुरकुरले, मांडी मोकळी केली. म्हटलं, ये.

आली नाही.

तिने काय केलं, तर झग्याची बाही ओढली खाली, दंडावरची बटणं झाकून घेतली, आणि मग आली. मग बसली. अगदी टोकावर, परक्या घरी बसावं तशी.

आता तुम्हाला वाटेल की त्या क्षणी माझी किळस पळाली. कुठली पळतेय. तिने मान टेकवली तशी मानेवरची पुळी माझ्या हाताला लागली, गार, गुळगुळीत, आणि माझ्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत सर्र काटा आला. पण हात काढला नाही. तिथेच ठेवला. किळस एका बाजूला, हात एका बाजूला. हळूहळू ती मागे सरकली, पाठ माझ्या पोटाला लागली. मग म्हणाली, “आजो, गलम.” त्या उकाड्यात. म्हटलं, हो ग बाळा, गरमच आहे.

मग म्हटलं, आता लपवायचं काय राहिलं? उठलो, तिला कडेवर घेतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेलो शेजारी. वाटलं, आता त्या बाई आधी तोंड धुवायला धावणार, मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलणार, मग संध्याकाळपर्यंत वकिलांचा लाल दोरा, डॉक्टरांचा निळा दोरा, सगळे दोरे तुटणार. पण नात कडेवर होती, आणि तिने बाही वर केली होती, उकडत होतं म्हणून. आता ती परत खाली ओढायला सांगायची मला हिंमत नव्हती.

बाई दारातच बाकावर बसलेल्या, हातात पुठ्ठा, वारा घेत. “आलं का गाठोडं? झोप झाली?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाळणाघर सांगितलं, डॉक्टरीण सांगितली, बटणं, दोरा, बदक, सगळं, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. शेवटी म्हटलं, बाई, तुम्ही त्याने तोंड पुसलंत. माझ्या चुकीने. वाटेल ते बोला, पण पोरीसमोर बोलू नका.

बाईंचा पुठ्ठा थांबला. मग चष्मा लावला, नातीचा दंड हातात घेतला, नुसत्या हातात, आणि उलटसुलट करून बघितला, जसं काही जुनं तिकीट तपासावं. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या हनुवटीखाली बोट नेलं. “आणि हा इथे एक बसलाय, हा विनातिकीट कधीपासून?”

मी हात लावून बघितला. होतं. बारीक. मधोमध खळगा. इतके दिवस हँगरने बिस्किटं दिली, तोंड फिरवलं, आणि ते कधीच येऊन बसलं होतं माझ्याच गळ्यात, कुठल्या तरी पहिल्या दिवसांत, मांडी उघडी होती तेव्हाचं. पोरीला लांब ठेवलं आणि आजार जवळ. वा रे हुशारी.

म्हटलं, बाई, मला तर स्वतःचीच किळस येतेय. तुम्हाला येत नाही?

त्यांनी नातीला माझ्या कडेवरून घेतलं, स्वतःच्या मांडीवर बसवलं, बाकावर जागा केली, आणि म्हणाल्या, “येते की. जन्मभर आली. लोक खोकायचे, ओकायचे, नाक पुसून तोच हात सुट्ट्या पैशांना लावायचे. पण किळस आली म्हणून कुणाला गाडीतून उतरवता येत नाही, इस्त्रीदादा. दारात उभे राहू नका, पुढे सरका, आणि तो बदकाचा टॉवेल इथेच ठेवून जा, माझ्या सगळ्या टॉवेलांत तोच एक मऊ आहे.”